आप्पा, आम्ही घरी कॉम्प्युटर जोडला

आप्पा,

आपल्या पुढच्या खोलीत, जिथं तुम्ही कामावरून आल्यावर सायकल आत घेऊन ठेवायचात, तिथं आता एक टेबल आहे आणि टेबलावर नवा कॉम्प्युटर. दुकानातून तयार आणलेला नाही. एकेक भाग निवडून आणला आणि मी आणि तुमच्या लेकानं मिळून घरातच जोडला. कॉम्प्युटर तुम्ही एकदाच पाहिला होतात, कारखान्याच्या ऑफिसात, आणि घरी येऊन आईला सांगितलं होतंत, "सायबाच्या टेबलावर एक टीव्ही हाय, पण त्याच्यावर नुसती अक्षरं दिसत्यात. आणि जाताना सायेब त्याला प्लास्टिकचं झबलं घालून जातोय." आई तेव्हा खूप हसली होती. तो कॉम्प्युटर काय कामाचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि तुम्ही विचारलंही नव्हतंत. आमचा कशाला आणला आणि कसा आणला, हे मात्र तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

मी लग्नाच्या व्हिडीओंचं मिक्सिंग करते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे फोटोग्राफर शूटिंग करून आणून देतात आणि मी त्यातून हळद, अक्षता, पंगत, पाठवणी असं सगळं जुळवून, नको ते कापून, गाणी घालून देते. या कामावर आमचं घर चालतं. माझं स्वतःचं लग्न तुम्ही गेल्यावर झालं आणि ते टिकलं नाही. मी परत आपल्या घरी, पिरनवाडीला आले, ते सगळं या पत्रात नको. सांगायचं एवढंच की आताचे कॅमेरे फार बारीक चित्र घेतात, नवरीच्या भुवईवरचा हळदीचा कणसुद्धा दिसतो, आणि एवढं जड चित्र ओढायला माझा जुना कॉम्प्युटर तयार नव्हता. पूर्ण व्हिडीओ बाहेर काढायला सांगितला की तो घरघरत बसायचा आणि शेवटाशी येऊन बंद पडायचा. परत पहिल्यापासून. खानापूरच्या एका नवरीचे वडील तीनदा हेलपाटा मारून गेले. चौथ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "बाई, पोरगीला आता दिवस गेल्यात. बारशाच्या आधी तरी लग्न दावा." मी चहा करून दिला. दुसरं काय देणार होते?

पण नुसत्या माझ्या कामाची गोष्ट असती तर तुम्हाला लिहायला बसले नसते. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा लेक पाचवीत होता. पुढं त्यानं आयटीआय केलं आणि तुमच्यासारखाच उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला लागला. "ह्या घरातला एक माणूस उद्यमबागेत गेला, तेवढं बास," हे तुमचं वाक्य मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "आप्पा भट्टीवर होते. मी मशीनवर हाय. लई फरक हाय आक्का." आणि फरक होताच. तुम्ही यायचात तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत काजळी असायची, अंगाला तापलेल्या मातीचा वास असायचा. हा यायचा इस्त्री केल्यासारखा. त्याचा हात चांगला होता, मशीन लावून द्यायला त्यालाच बोलवायचे. पगार वाढत गेला, घरावर स्लॅब पडला, खानापूरकडचं एक स्थळही जमत आलं होतं. मग गेल्या वर्षी एका दुसऱ्या कारखान्यात मशीन लावून द्यायला गेला होता, तिथं पत्रा कापायच्या प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून हा त्याच्या जागी उभा राहिला, आणि उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. चूक कुणाची, यावर पुष्कळ बोलणं झालं, कागदपत्रं झाली, शेवटी भरपाई मिळाली. त्या स्थळाच्या माणसांनी मात्र नंतर फोन उचलला नाही.

तो आधीही बोलका नव्हता, पण नंतर जे झालं ते वेगळंच होतं. मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. आई ताट आत नेऊन ठेवायची. कुणी भेटायला आलं की उजवा हात पांघरुणात. गुंजीहून काका तांदूळ घेऊन आले, दोन तास बसले, त्यांनाही तो नुसतं "व्हय" आणि "न्हाय" एवढंच बोलला. त्याच्या जुन्या कामाच्या ठिकाणचा साहेब स्वतः येऊन सांगून गेला की स्टोअरमध्ये बसायचं काम देतो, ये. हा म्हणाला, "बघू." तो गेल्यावर मला म्हणाला, "जिथं मशीन लावलं तिथं बसून खिळे मोजू व्हय?" आणि परत भिंतीकडं वळला. आई देवळात जाऊन नवस बोलून आली. मी काय बोलणार? मी सकाळ-संध्याकाळ लोकांच्या पाठवण्या कापत होते.

एका दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि मागच्या खोलीतून ओरडणं ऐकलं. "मागं बघ की रं! अरं मागं! डाव्या झाडाखाली बसलाय त्यो!" मला वाटलं, झोपेत बरळतोय. दार ढकलून बघितलं तर हा उठून बसलेला, मांडीवर मोबाईल, डाव्या हाताचा अंगठा भराभर चालतोय, उजव्या करंगळीनं मोबाईल खालून धरलाय आणि कानाला हेडफोन. कुठल्यातरी खेळात होता. मोबाईलवर चौघं-चौघं मिळून खेळतात आप्पा, एकेक माणूस वेगळ्या गावचा, आणि खेळताखेळता एकमेकांशी बोलतात. मधेच तो कन्नडमध्ये कुणाला तरी काहीतरी बोलला आणि हसला. मी दारात होते, त्यानं मला पाहिलं नाही. कित्येक महिन्यांनी मी त्याचा मोठा आवाज ऐकत होते. मी तशीच मागं फिरले, दार लावलं, आणि पाणी प्यायचं विसरून गेले.

नवा कॉम्प्युटर घ्यायचाच होता. त्या दिवशी एवढंच ठरलं की तो दोघांचा असेल. सकाळी माझं मिक्सिंग, संध्याकाळी त्याचा खेळ. आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "हाताला काम शोधायचं सोडून पोराला खेळणं आणून देतीस व्हय गं?"

"खेळणं न्हाय आई. माझं सगळं काम त्याच्यावरच होणार."

"मग तुझं तू आण. त्याला कशाला मधी वढतीस? चाळिशीला आला पोरगा. लोक काय म्हणतील?"

लोक म्हणायचे ते म्हणतच होते. पण त्याच्याकडं जाऊन बोलणं आईपेक्षा अवघड गेलं. मी म्हटलं, "मला नवीन कॉम्प्युटर घ्यायचाय, भाग निवडायला मदत कर." तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "कीव करायलीस व्हय माझी?"

"कीव न्हाय रं. मला वापरायला येतो, आत काय असतं ते कळत न्हाय. दुकानदार काय बी गळ्यात मारंल. आणि हा मला लई वर्षं टिकायला पायजे. परत परत घेण्याची ताकद न्हाय माझी."

तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "किती वर्षं?" मी म्हटलं, "आपली आई म्हणती तसं, पुरवून पुरवून वापरायचा हाय." संध्याकाळी तो ताट घेऊन स्वतः स्वयंपाकघरात आला आणि भिंतीला टेकून जेवता जेवता विचारायला लागला की मी एका वेळी किती कॅमेऱ्यांचं चित्र लावते, एका लग्नाचं सामान किती जागा घेतं, जुनी लग्नं किती वर्षं ठेवते. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मोबाईलवर खेळाबरोबर कॉम्प्युटरचे व्हिडीओही चालू झाले. हिंदी, इंग्रजी, कन्नड, मिळेल ते. आईलासुद्धा काही शब्द पाठ झाले. शेजारीण आली तेव्हा आई तिला म्हणाली, "रॅम महागलंय म्हणं," जशी तूरडाळ महागली म्हणते तसंच.

मला वाटलं होतं लॅपटॉप घ्यावा, जागा कमी लागते. कुठला घ्यावा असा विचार करताना मला तुमचा मिक्सर आठवला आणि मी त्याला ती गोष्ट सांगितली. तो तेव्हा पाळण्यात होता. दिवाळीच्या आधी तुम्ही आईला आणि मला घेऊन बेळगावात मिक्सर घ्यायला गेला होतात. अजून दिसतंय मला ते. दुकानात गर्दी आहे, आई पदर सावरून एका बाजूला उभी आहे, आणि तुम्ही एकेक मिक्सर हातात घेऊन उलटा करून बघताय. दुकानदार भांडी किती मिळतील ते सांगतोय, आणि तुम्ही विचारताय, "ते असू द्या. ह्यो बिघडला तर उघडायचा कसा?" तो म्हणतो, "अहो, गॅरंटी हाय, बिघडत न्हाय." तुम्ही म्हणता, "बिघडत न्हाय असं मशीन मी बघितल्यालं न्हाय." शेवटी तुम्ही सगळ्यात जड आणि कुरूप मिक्सर घेतलात, कारण त्याच्या बुडाला चार स्क्रू होते. आणि तो संक्रांतीच्या आत जळाला. तिळाचं कूट करताना घरभर धूर. आई दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "चांगला निवडलासा की!"  रविवारी अंगणात बसून तो उघडलात, मोटर काढून भरून आणलीत, परत बसवलीत. मी स्क्रू गोळा करायला बसले होते आणि एक हरवला, तेव्हा तुम्ही ओरडलात, "उघडायच्या आधी ठेवायचे कुठं ते बघावं!" आणि आतून एक ताट आणून माझ्यापुढं ठेवलंत. पुढं तो परत जळाला, परत भरला. तुमच्यामागंही तो कितीतरी वर्षं चालला. आई म्हणायची, मिक्सर न्हाय, दुखणाईत माणूस हाय, पण वाटायला तोच घ्यायची.

ही गोष्ट ऐकून तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. म्हणाला, "म्हंजे लॅपटॉप नकोच. त्यातलं बरंच चिकटवलेलं असतं, बदलता येत न्हाय." मग त्यानं मला समजावलं. "बघ आक्का, जे पुढं नुसतं काढून दुसरं घालता येतं, त्याच्यावर आत्ताच लई पैसा घालायचा न्हाय. जे बदलायला सगळंच सोडावं लागतं, ते आधी चांगलं घ्यायचं." सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड नव्या पद्धतीचा घ्यायचा, म्हणजे काही वर्षांनी प्रोसेसर बदलायची वेळ आली तर त्याच बोर्डावर नवा बसेल. रॅमच्या पट्ट्या दोनच घालायच्या आणि दोन जागा मोकळ्या सोडायच्या. आणि वीज देणारा पॉवर सप्लाय गरजेपेक्षा ताकदीचा घ्यायचा, त्यात कंजुषी नको, कारण आपल्याकडं वीज कधी कमी येते, कधी एकदम उसळते आणि त्याचा मार तोच पहिला खातो. मी ऐकत होते. तो बोलत होता हेच मला जास्त ऐकू येत होतं, पण त्याचं म्हणणं बरोबरही होतं.

भांडण झालं ते ग्राफिक कार्डावरून. खेळाला मोठं कार्ड लागतं. मला त्यापेक्षा जास्त रॅम, वेगवान डिस्क आणि लग्नं साठवायला वेगळी मोठी डिस्क हवी होती. सगळंच वरचं घेण्याएवढं आमच्याकडं नव्हतं. तो म्हणाला, "दोघांचा म्हणालीस न्हवं?" मी म्हटलं, "दोघांचा हाय, पण पोट माझ्या कामावर चालतंय." तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. तो उठला आणि आत गेला. दोन दिवस परत तीच भिंत. मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि परत फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच बाहेर आला, माझ्या शेजारी बसला आणि जुन्या स्क्रीनवर मी काय करते ते बघत राहिला. हळदीचं चित्र चालू होतं. म्हणाला, "ही हळद भगवी का दिसायली?" मी म्हटलं, स्क्रीन खराब आहे, खरा रंग पिवळाच आहे, मी अंदाजानं करते, गिऱ्हाईक तक्रार करतात. थोड्या वेळानं तो म्हणाला, "एक पायरी खालचं कार्ड बघितलंय मी. त्याच्यात मेमरी पुरेशी हाय, तुझ्या व्हिडीओला पण उपयोगी पडंल. वरचं कार्ड पुढं कवातरी घालू, जागा ठेवू. आणि स्क्रीन चांगला घेऊ, रंग खरे दावणारा." मी म्हटलं, "आणि खेळाला?" तो म्हणाला, "खेळाला बी तोच चालंल. मी बघितलंय." 

दुकान बेळगावात आहे, मालक निपाणीकडचे जैन. घरच्यांशी कन्नड, आमच्याशी मराठी, फोनवर हिंदी. मी पुढं, हा मागं, उजवा हात पँटच्या खिशात. अपघातानंतर दवाखाना सोडला तर तो पहिल्यांदाच बाहेर पडला होता. "बर्री बर्री, या, बसा," मालक म्हणाले आणि लगेच काचेचं एक कॅबिनेट पुढं ओढलं, आत लाल-निळे दिवे लागणारं. "आक्का, ह्ये बघा, आता समद्यांना ह्येच पायजे."

"पुढनं जाळी असलेलं द्या," मागून आवाज आला. "उद्यमबागेच्या कडंला ऱ्हातो आम्ही. काचेत हवा खेळत न्हाय आणि धूळ झाडायला जाळी काढता यायला पायजे." मालकांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याशी बोलणंच बंद केलं. दोघांचं सुरू झालं. बोर्ड कुठला, पंखे किती, पॉवर सप्लाय कुणाचा. मालक त्यांच्याकडं शिल्लक पडलेलं गळ्यात घालायला बघत होते आणि हा ढळत नव्हता. एकदा मात्र मालकांचं बरोबर निघालं. यानं निवडलेला प्रोसेसर थंड करायचा पंखा इतका उंच होता की त्या कॅबिनेटचं झाकण बसलं नसतं. हा लाजला, मोबाईल काढून मापं बघितली, म्हणाला, "व्हय, चुकलंच," आणि दुसरा घेतला. शेवटी माऊस आला. मालकांनी नेहमीचा उजव्या हाताचा पुढं ठेवला. त्यानं तो उचलला नाही.  मालक म्हणाले, "काय झालं? आवडला न्हाय?"

त्यानं खिशातून हात काढला आणि काउंटरवर ठेवला. "उजव्या हातानं जमत न्हाय."

मालकांनी हाताकडं बघितलं. ना 'अरेरे', ना 'कसं झालं?'. विचारलं, "प्रेस व्हय?"

"प्रेस."

"माझ्या मेव्हण्याचं बी तसंच." मग त्यांनी खालचे खोके उपसायला सुरुवात केली. "दोन्हीकडनं सारखा असतोय तसा माऊस हाय बघा एक. बटणं दोन्ही अंगाला. लई कुणी घेत न्हाय म्हणून आत पडलाय." तो माऊस यानं डाव्या हाताखाली धरला, फिरवून बघितला. मग एक कीबोर्ड मागवला, आणि उजवा हात त्यावर ठेवून अंगठा आणि करंगळी कुठवर पोचते ते बघत बसला. दुकानात चार माणसं होती. सगळी बघत होती. तो त्यांच्याकडं बघत नव्हता, त्याला माप घ्यायचं होतं. कीबोर्ड तीन बदलले. परत येताना बसमध्ये खोकी मांडीवर होती, आणि ती सांभाळायला दोन्ही हात बाहेर होते.

रविवारी सकाळी पुढच्या खोलीत चादर अंथरून आम्ही बसलो. मी स्वयंपाकघरातून ताट आणून स्क्रू त्यात ठेवले. आई दारात बसून तांदूळ निवडत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "एवढी खोकी! ह्यातनं काय निघणार हाय?" बोर्ड त्यानं बसवला. स्क्रू बारीक, आणि अंगठा आणि करंगळीत तो धरला की निसटायचा. एक निसटून बोर्डाखाली गेला. मी हात पुढं केला तर म्हणाला, "र्‍हाऊ दे." कॅबिनेट आडवं करून, हलवून त्यानं तो बाहेर काढला. कपाळावर घाम. मला वाटलं होतं चिडेल, टाकून उठेल. उठला नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला आधी चिकटवायचा आणि मग नेऊन लावायचा, असं काहीतरी त्याचं त्यानं शोधलं. दुपारपर्यंत सगळं बसलं. वायरी जोडल्या, स्क्रीन लावला, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळाच.

पंधरा-वीस मिनिटं नुसतं बंद कर, चालू कर. आई म्हणाली, "बिघडलं व्हय?"  त्याचा चेहरा मी बघत होते. जो माणूस लोकांची मशीनं लावून द्यायचा, त्याला आपलं स्वतःचं चालू करता येत नव्हतं, आणि ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला आता भीती वाटायला लागली. कॉम्प्युटर न चालण्याची नाही. उद्यापासून परत ती भिंत सुरू होईल याची. तो आत वाकला, एकेक वायर चाचपली, मग रॅमच्या पट्टीवर अंगठा ठेवून दाबलं. परत दाबलं. मग तसाच वाकलेला असताना, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, ह्या बसल्या न्हाईत नीट. माझ्या एका हातानं तेवढा जोर लागत न्हाय. तू दाब."

अपघात झाल्यापासून त्यानं मला काही करायला सांगितलं ते हे पहिलं. पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मी पुढं सरकले. म्हटलं, "मोडंल की रं." तो म्हणाला, "मोडत न्हाय. दोन्ही टोकांस्नी दाब. आवाज येऊस्तर." मी दाबलं. खट्‌. दुसरी पट्टी. खट्‌. बटण त्यानं दाबलं. पंखे फिरले, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. तुम्ही सायबाच्या टेबलावर बघितली होतीत तशीच, नुसती अक्षरं. आई तांदळाचं सूप बाजूला ठेवून आत आली आणि म्हणाली, "झालं व्हय? मग जेवा आता." आम्ही जेवलो. तो तिघांत बसून जेवला, आणि भात परत मागितला.

सगळं ठीक झालं असं नाही आप्पा. काही दिवस अजून तो बाहेर येत नाही. थंडीत नसलेली बोटं दुखतात म्हणतो, आणि त्याचं औषध कुणाकडं नाही. स्टोअरची नोकरी त्यानं घेतली नाही. मशीनला कॉम्प्युटरवरून हुकूम द्यायचे असतात, ते लिहायला तो आता एका क्लासात शिकतोय, जुना साहेब म्हणतोय जमलं तर घेतो. जमेल की नाही ते मला माहीत नाही. पण त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांत चिक्कोडीकडचा एक पोस्टमन आहे, एक गोव्याचा आहे. त्यांना त्यानं हाताचं सांगितलंय. सांगितल्यावर तो गोव्याचा म्हणे म्हणाला, मग इतके दिवस तू आम्हाला दोन बोटांनी हरवत होतास का? हे सांगताना तो मला हसून दाखवत होता. संध्याकाळी पुढच्या खोलीतून त्याचं ओरडणं ऐकू येतं. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "हळू रं!" आणि मला वाटतं, ओरड.

खानापूरच्या नवरीचा व्हिडीओ बारशाच्या आधी गेला. हळद पिवळी दिसते. मशीन किती वर्षं टिकेल असं मी दुकानात विचारलं होतं, तेव्हा मालक म्हणाले होते, लोभ न्हाय केला तर लई वर्षं. लोभ म्हणजे नक्की कशाचा, ते मी विचारलं नाही.

हे पत्र मी सकाळी मिक्सिंग करता करता लिहिलं, व्हिडीओ बाहेर पडत असतो तेवढ्या वेळात. आता तो वेळ पूर्वीसारखा लांबत नाही, त्यामुळं पत्रच लांबलं. टाकणार कुठं? बंद करून ठेवते. एक सांगायचं राहिलं. दुपारी आई झोपली आणि तो क्लासला गेला की मी ट्रक चालवायचा एक खेळ लावते. घाटातून माल न्यायचा असतो, मला वळण जमत नाही, दर वेळी गाडी दरीत जाते. आई गं म्हणावं ना माणसानं अशा वेळी? माझ्या तोंडातून "आप्पा!" निघतं. घरात कुणाला अजून कळलेलं नाही.